हायबरनेट की हाताने लिहिलेलं एसक्यूएल? जावात नवीन आलेल्यांसाठी माझा अनुभव

आमच्या टीममध्ये नवीन जॉइन झालेली मुलं पहिल्या महिन्यात हमखास विचारतात, की मॅडम हे सगळं हायबरनेटने (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांशी जोडून एसक्यूएल स्वतः बनवणारी लायब्ररी) करायचं का सरळ जेडीबीसीने (जावातून डेटाबेसला थेट एसक्यूएल पाठवायची सोय) क्वेरी लिहायच्या. मी पुण्यात हिंजवडीला नऊ वर्षं जावावर काम करतेय, दोन्हीचा भरपूर मार खाल्लाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझा पहिला प्रोजेक्ट पूर्ण हाताने लिहिलेला होता. डीलरच्या ऑर्डरी घेणारी सिस्टीम, डीलरच्या टेबलात 42 कॉलम, आणि इन्सर्टच्या क्वेरीत तेवढीच प्रश्नचिन्हं, म्हणजे नंबराने भरायच्या रिकाम्या जागा. एक नवीन कॉलम आला की इन्सर्ट, अपडेट, तीन-चार सिलेक्ट आणि प्रत्येक ठिकाणचे नंबर एकेक पुढे सरकवायचे. एकदा मी ते सरकवताना बिलिंगचा पिनकोड आणि डिलिव्हरीचा पिनकोड यांची अदलाबदल केली. दोन्ही स्ट्रिंग, त्यामुळे ना कंपायलर बोलला ना डेटाबेस. टेस्टिंगमध्येही सापडलं नाही कारण टेस्ट डेटात दोन्हीकडे एकच पिनकोड भरलेला होता! तीन दिवस माल भलत्या पत्त्यावर जात होता आणि नंतर तो डेटा दुरुस्त करायला मी रविवारी ऑफिसात बसले होते. तो रविवार अजून आठवतो.

त्यामुळे दुसऱ्या प्रोजेक्टला हायबरनेट मिळालं तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. ऑब्जेक्ट ट्रान्झॅक्शनमध्ये लोड केला, त्याचं एक फील्ड बदललं, की कमिटच्या वेळी हायबरनेट लोड करतानाची कॉपी आणि आत्ताचा ऑब्जेक्ट ताडून बघतं आणि अपडेट स्वतःच मारतं. याला डर्टी चेकिंग म्हणतात. शिवाय व्हर्जनचं एक फील्ड ठेवलं की दोन जणांनी एकच ऑर्डर एकाच वेळी उघडून सेव्ह केली तर दुसऱ्याला एरर येतो, पहिल्याचं काम गुपचूप पुसलं जात नाही. हे सगळं हाताने, प्रत्येक टेबलासाठी, न चुकता लिहिणं किती अवघड आहे हे मी आधी भोगलेलं होतं.

पण मग ऑर्डर लिस्टची स्क्रीन आली. एका पानावर 50 ऑर्डरी, प्रत्येकीसमोर डीलरचं नाव आणि किती आयटम आहेत तो आकडा. माझ्या लॅपटॉपवर पाच ऑर्डरी होत्या, पटकन उघडायची. प्रॉडक्शनला गेल्यावर लोक वैतागले. एसक्यूएलचा लॉग चालू करून बघितलं तर एका पानासाठी 101 क्वेऱ्या जात होत्या. ऑर्डरींची एक, 50 वेगवेगळ्या डीलरच्या 50, आणि आयटम मोजायला अजून 50. एका फेरीला 2 मिलीसेकंद धरले तरी 200 च्या वर नुसते ये-जा करण्यात गेले, आणि असे शेकडो लोक एकदम पान उघडतात. यालाच एन प्लस वन म्हणतात, म्हणजे यादीची एक क्वेरी आणि मग प्रत्येक ओळीसाठी एकेक, आणि नवीन माणसाला तो कोडमध्ये दिसतच नाही, कारण कोडमध्ये फक्त एक गेटर (फील्डची किंमत देणारी मेथड) असतो. जेपीएमध्ये (हायबरनेट पाळतं ते जावाचं स्टँडर्ड) मेनी-टू-वन, म्हणजे ऑर्डरकडून डीलर, मुळातच ईगर असतं, लगेच आणलं जातं, आणि वन-टू-मेनी, म्हणजे ऑर्डरचे आयटम, लेझी, मागितल्यावरच येतात, हे तेव्हा मला माहीतच नव्हतं. मग मी हुशारी करून आयटमना जॉइन फेच लावलं, म्हणजे ऑर्डरी आणि आयटम एकाच क्वेरीत मागवले, तर पेजिंग डेटाबेसऐवजी मेमरीत व्हायला लागलं, म्हणजे सगळ्या ऑर्डरी आणायच्या आणि त्यातल्या 50 दाखवायच्या! शेवटी त्या स्क्रीनला हाताने एक सिलेक्ट लिहिला, काउंटसकट, निकाल साध्या डीटीओत (फक्त डेटा वाहून नेणारा ऑब्जेक्ट). एक क्वेरी.

आता यावरून "हाताने लिहिलेलं नेहमी फास्ट" असं कोणी म्हणालं तर ते पण मला पटत नाही. हा वाद हायबरनेटच्या आधीचा आहे. जुन्या ईजेबीत (जावाच्या मोठ्या सिस्टीमसाठीचं स्टँडर्ड) एंटिटी बीनचे, म्हणजे डेटाबेसमधल्या रेकॉर्डसाठीच्या ऑब्जेक्टचे, दोन प्रकार होते, बीएमपीमध्ये एसक्यूएल तुम्ही लिहायचं आणि सीएमपीमध्ये कंटेनर (बीन चालवणारा सर्व्हर) सांभाळायचा. आणि बीएमपीत फाइंडर (बीन शोधणारी मेथड) फक्त प्रायमरी की परत द्यायचा, मग प्रत्येक बीनसाठी पुन्हा वेगळा लोड. म्हणजे एन प्लस वन हाताने लिहिलेल्या बाजूलाच बसलेला होता, आणि चांगला सीएमपी कंटेनर तेच काम एका क्वेरीत करू शकायचा. ते एंटिटी बीन वापरायला फारच जड होते, त्याला पर्याय म्हणून गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये हायबरनेट सुरू केलं आणि 2006 ला ईजेबी 3 बरोबर जेपीए आलं.

जिथे हायबरनेट अजिबात नको असं मी ठामपणे सांगते ते म्हणजे रात्रीचे बॅच जॉब. आमच्याकडे 2 लाख रेकॉर्डांचं स्टेटस बदलायचं होतं, एकाने सगळे ऑब्जेक्ट लोड करून लूप फिरवला आणि मेमरी संपून जॉब पडला. एका अपडेट स्टेटमेंटने काम झालं, फक्त अशा वेळी व्हर्जनचा आकडा आपणच वाढवायचा, हायबरनेटला बाहेरचं काही कळत नाही. आणि मोठे इन्सर्ट असतील तर लक्षात ठेवा, आयडी आयडेंटिटी कॉलममधून (ज्यात नंबर डेटाबेस स्वतः देतो) येत असेल तर बॅच साइज कितीही द्या, हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग, म्हणजे अनेक इन्सर्ट एकत्र पाठवणं, करतच नाही.

म्हणून मी आता अख्ख्या प्रोजेक्टसाठी एकच काही ठरवत नाही, काम बघून ठरवते. ऑर्डर उघडली, नियम तपासले, दोन-चार गोष्टी बदलून सेव्ह केली, तर हायबरनेट. लिस्ट, रिपोर्ट, एकगठ्ठा बदल, तर एसक्यूएल. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्ही वापरत असाल तर हाताची क्वेरी मारायच्या आधी फ्लश करा, म्हणजे हायबरनेटकडचे बाकी बदल डेटाबेसला पाठवा, नाहीतर आत्ताच बदललेली ऑर्डर तुमच्या सिलेक्टला जुनीच दिसेल आणि तुम्ही संध्याकाळभर चुकीच्या जागी बग शोधत बसाल.