टोमॅटो-मिरचीच्या रोपांसाठी ट्रेमध्ये काय भरावे? खरीप रोपवाटिकेसाठी सल्ला

मे महिना लागला की खरिपाच्या रोपांची लगबग सुरू होते. मिरचीचे बी मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात टाकले तर ३५ ते ४० दिवसांनी, मृगाचा पाऊस होऊन जमिनीत ओल धरली की रोप लावायला तयार होते. टोमॅटोला २१ ते २५ दिवस पुरतात, म्हणून त्याचे ट्रे थोडे मागाहून, जूनमध्ये भरतात. संकरित बियाणे महाग असल्याने सगळी चौकशी वाणाची होते. ट्रेमध्ये काय भरायचे हा प्रश्न मात्र दुकानात मिळेल ते कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणून मिटवला जातो. मग उगवण विरळ झाली, रोपे पिवळी पडली किंवा कोलमडली की दोष बियाण्याला दिला जातो. पुष्कळदा तो दोष ट्रेमधल्या मिश्रणाचा असतो.

ट्रेचा कप्पा म्हणजे छोटा वाफा नव्हे, हे आधी लक्षात घ्या. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका कप्प्यात साधारण २० ते २५ मिली मिश्रण मावते आणि खोली असते ४ सेंमीच्या आसपास. पाणी दिल्यावर जास्तीचे पाणी तळाच्या छिद्रातून निघून जाते, पण सगळे जात नाही. भिजलेला स्पंज उभा धरला तरी त्याची खालची कड ओलीचिंब राहते, तसा कप्प्याच्या तळाशी एक थर कायम पाण्याने भरलेला राहतो. मोठ्या कुंडीत तो थर नगण्य असतो. ४ सेंमीच्या कप्प्यात तो बरीचशी जागा खातो आणि मुळांना हवा उरत नाही. मिश्रण जितके बारीक, तितका हा थर जाड. म्हणूनच ट्रेच्या मिश्रणात हवा आधी पाहायची, क्षार कमी आहेत ना हे त्यानंतर आणि खत सर्वांत शेवटी. खत पाण्यातून केव्हाही देता येते. हवा मागाहून घालता येत नाही.

माती, शेणखत आणि वाळूचे काय?

काळी माती ट्रेमध्ये अजिबात नको. ओली असताना ती गच्च होते, वाळली की आकसून कप्प्याच्या भिंतीपासून सुटते. त्यानंतर दिलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शेणखत वर्षभर मुरलेले असले तरी त्यात तणांचे बी आणि रोपे कोलमडवणाऱ्या मर रोगाच्या बुरशा असू शकतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून अमोनिया सुटतो आणि कोवळ्या मुळांची टोके करपतात. बारीक वाळू घातल्याने निचरा वाढतो हा समज या कप्प्यापुरता चुकीचा आहे. वाळूचे कण कोकोपीटच्या पोकळ्यांमध्ये बसतात, हवा कमी होते आणि ट्रे जड होतो तो वेगळाच. क्रशरच्या कचमध्ये तर पीठही असते, ती वापरूच नका.

कोकोपीट विकत घेताना

नारळाची सोडणे खाऱ्या पाण्यात कुजवून काथ्या काढला असेल, तर मागे राहिलेल्या भुश्यात सोडियम आणि क्लोराइड भरपूर असते. पोटॅशियम तर त्यात मुळातच जास्त असते. कोकोपीटच्या दाबून केलेल्या ब्लॉकवर ‘लो ईसी’ छापलेले असले तरी ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) स्वतः मोजा. खिशात मावणारा ईसी मीटर रोपवाटिकेत असलाच पाहिजे. एक भाग ओले मिश्रण आणि दोन भाग आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणी ढवळा, अर्धा तास ठेवा, गाळा आणि मोजा. या पद्धतीने रोपांसाठी ०.३ ते ०.७५ (मिलिसीमेन्स प्रति सेंमी) च्या दरम्यान आकडा आला तर काम सुरू करा. एकच्या वर असेल तर आधी धुणे भाग आहे. सामू (पीएच) ५.५ ते ६.५ असावा.

धुण्याची पद्धत अशी:

१. ५ किलोचा ब्लॉक २५ ते ३० लिटर पाण्यात फुगू द्या. मोकळे केल्यावर ६५ ते ७० लिटर कोकोपीट होते.

२. ते शेडनेटच्या जाळीवर किंवा सुतळी पोत्यात घालून वरून पाणी सोडा. सुरुवातीला गडद तपकिरी पाणी निघते. ते फिकट होईपर्यंत दोन-तीन वेळा धुवा आणि निथळणाऱ्या पाण्याचा ईसी मोजत राहा.

३. एका ब्लॉकला १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट २५ लिटर पाण्यात विरघळवून त्यात कोकोपीट रात्रभर भिजत ठेवा.

४. सकाळी निथळून साध्या पाण्याने एकदा-दोनदा धुवा.

तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते. साध्या पाण्याने फक्त मोकळे क्षार निघतात. कोकोपीटच्या कणांना चिकटलेले सोडियम आणि पोटॅशियम तिथेच राहते आणि नंतर तुम्ही दिलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम कण स्वतःकडे ओढून घेतात. रोपाला ते मिळत नाही, नवी पाने वेडीवाकडी येतात. कॅल्शियम नायट्रेटमधले कॅल्शियम ही जागा आधीच भरून टाकते.

धुण्याच्या पाण्याचाही ईसी पाहा. उन्हाळ्याच्या शेवटी विहिरी-बोअरचे पाणी खारट झालेले असते. पाण्याचाच ईसी १.२ असेल तर कितीही धुतले तरी निथळणाऱ्या पाण्याचा ईसी त्याखाली येणार नाही. अशा ठिकाणी शेततळ्यातले किंवा साठवलेले पावसाचे पाणी या कामासाठी राखून ठेवा, शेवटची धुणी तरी त्यानेच करा.

ताजा, लालसर, हाताला तंतू लागणारा भुसा स्वस्त मिळतो. त्यात कर्बाचे प्रमाण नत्राच्या शंभरपटीच्या आसपास असते. जिवाणू तो कुजवताना नत्र ओढतात आणि रोपांची खालची पाने फिकट पडत जातात. गडद तपकिरी, जुना माल घ्या.

मिश्रणाचे प्रमाण

घमेल्याच्या मापाने, म्हणजे आकारमानाने मोजा. वजनाने मोजल्यास ओलाव्यामुळे हिशेब फसतो.

टोमॅटो: कोकोपीट ७ घमेली, चाळलेले गांडूळखत २, परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके, पांढरे दाणे) १.

मिरची आणि ढोबळी मिरची: कोकोपीट ७, गांडूळखत १, परलाइट २.

मिरची ट्रेमध्ये जास्त दिवस राहते, मग तिला गांडूळखत कमी का, असा प्रश्न पडेल. मिरची टोमॅटोपेक्षा क्षारांना नाजूक आहे. जमिनीच्या संपृक्त अर्काचा (माती पूर्ण भिजवून काढलेल्या पाण्याचा; हे माप वरच्या एकास-दोन पद्धतीहून वेगळे) ईसी टोमॅटोला २.५ पर्यंत चालतो, मिरचीचे उत्पादन १.५ च्या पुढेच घटू लागते. गांडूळखतात क्षार असतातच. शिवाय मिरची उगवायला ८ ते १२ दिवस घेते, टोमॅटो ४ ते ६. जितके दिवस बी ओल्या मिश्रणात पडून राहते, तितकी बुरशीला संधी मिळते. म्हणून मिरचीला हवा जास्त द्यायची आणि अन्नाची भरपाई पुढे पाण्यातून करायची.

परलाइट वाढवण्याचे दुसरे कारण हंगामाचे आहे. मेमध्ये ट्रे भरताना मिश्रण दुपारपर्यंत वाळते, म्हणून पाणी धरून ठेवणारे बारीक मिश्रण बरे वाटते. पण तेच रोप जूनच्या दमट, ढगाळ हवेत वाढणार असते आणि तेव्हा ट्रे दोन-दोन दिवस वाळत नाही. मिश्रण जूनच्या हवेसाठी बनवा आणि मेमध्ये झारी दिवसातून दोनदा फिरवा.

परलाइट मिळाले नाही तर भंडारा, गोंदिया, कोकण अशा भाताच्या पट्ट्यात करपवलेले तूस चालते. तूस काळे व्हावे, त्याची राख होऊ नये. राखेने सामू चढतो. करपवलेले तूसही एकदा धुऊन घ्या. परलाइट मिसळताना त्यावर आधी पाणी शिंपडा आणि तोंडाला फडके बांधा, त्याची धूळ छातीत जाते.

एक एकर टोमॅटोचा हिशेब मांडून पाहा. ५ फूट बाय दीड फूट अंतराने सुमारे ५,८०० रोपे लागतात. १० टक्के जादा धरून ६,४०० म्हणजे ९८ कप्प्यांचे ६५ ट्रे. भरताना मिश्रण बसते आणि थोडे सांडते, म्हणून ट्रेला ३ लिटर धरा. एकूण २०० लिटर. त्यासाठी कोकोपीटचे २ ब्लॉक पुरतात, हाताशी एक जादा ठेवा. गांडूळखत ४० लिटर, परलाइट २० लिटर.

ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशांना रोखणारी उपयोगी बुरशी) कोरड्या कोकोपीटमध्ये ऐनवेळी टाकण्यात अर्थ नाही. १०० किलो गांडूळखताला १ किलो या प्रमाणात मिसळा, ओलसर करून ७ ते १० दिवस सावलीत झाकून ठेवा आणि मगच मिश्रणात घाला. निंबोळी पेंड ताजी असताना ट्रेमध्ये नको. ती कुजताना अमोनिया सोडते.

भरण्याआधी दोन चाचण्या

पहिली चाचणी हळिवाची. हळिवाचे बी क्षार आणि अर्धवट कुजलेल्या खताला फार लवकर प्रतिसाद देते. एका वाटीत तुमचे मिश्रण आणि दुसऱ्या वाटीत ओला टिपकागद घ्या. दोन्हींत २०-२० दाणे पेरून घरातल्या थंड जागी झाकून ठेवा. चौथ्या दिवशी मोजा. टिपकागदावर १८ उगवले आणि मिश्रणात १४ पेक्षा कमी, तर ते मिश्रण वापरू नका. मोड आले पण मुळाची टोके तपकिरी दिसत असतील, तरी नको. मूळ पांढरे आणि सरळ हवे.

दुसरी चाचणी हवेची. श्रीखंडाच्या डब्यासारखा उथळ डबा घ्या, तळाला चार-पाच छिद्रे पाडून ती चिकटपट्टीने बंद करा. ट्रेमध्ये भरता तेवढ्याच दाबाने ४ सेंमी उंचीपर्यंत मिश्रण भरा. ते किती मिली झाले ते टिपून ठेवा. हळूहळू पाणी घालत पृष्ठभाग चकाकेपर्यंत भिजवा, अर्धा तास थांबा, लागल्यास आणखी घाला. मग पट्टी काढून १५ मिनिटे निथळू द्या आणि निघालेले पाणी मोजा. ५०० मिली मिश्रणातून ४० ते ५० मिली पाणी निघाले तर हवेची जागा ८ ते १० टक्के आहे, इतक्या कमी खोलीत हे उत्तम. २५ मिलीच्या खाली असेल तर परलाइट वाढवा. उंच डबा घेऊ नका. त्यात आकडा खोटा चांगला येतो.

भरणे आणि पेरणे

मिश्रण आधी ओलवून घ्या. मूठ घट्ट दाबली की बोटांमधून एक-दोन थेंब यावेत आणि मूठ उघडल्यावर गोळा राहून बोट लावताच फुटावा. ट्रे भरताना अंगठ्याने दाबू नका. ट्रे जमिनीवर एकदा हलकेच आपटा, वरून पट्टी ओढा. टोमॅटो १ सेंमी, मिरची अर्धा सेंमी खोल.

पाणी देऊन ८-१० ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाका, पण पूर्ण सावलीत. ३५ अंशांच्या वर उगवण घसरते आणि मेच्या उन्हात प्लास्टिकखालचे ट्रे काही तासांत त्याहून तापतात. टोमॅटोचे ट्रे तिसऱ्या दिवसापासून उघडून पाहा, मिरचीचे पाचव्यापासून. पहिले कोंब वर दिसले की त्याच दिवशी ट्रे पसरा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे लांबुडकी होतात. पुढे ५० टक्के शेडनेट आणि बाजूने ४० ते ५० मेशची कीटकरोधक जाळी. पांढरी माशी आत शिरली तर मिश्रण कितीही चांगले असले तरी चुरडा-मुरडा (पाने आकसवणारा विषाणूजन्य रोग) येणारच.

जुने ट्रे वापरणार असाल तर माती खरवडून धुवा. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेल्या ब्लीचचा एक भाग नऊ भाग पाण्यात मिसळून त्यात अर्धा तास बुडवा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवा.

काय बिघडते आणि का

कोकोपीटचा वरचा थर लवकर फिकट होतो आणि खाली ओल असतानाही ट्रे कोरडा वाटतो. रंग पाहून पाणी देऊ नका, ट्रे उचलून वजन पाहा. शंका असेल तर एक रोप खालून ढकलून काढा. मुळे फक्त गोळ्याच्या बाहेरच्या अंगाने फिरलेली आणि मधला भाग मोकळा दिसला, तर मध्ये पाणी साचून हवा मिळालेली नाही. पाण्याच्या पाळ्या कमी करा.

पृष्ठभागावर हिरवे शेवाळ म्हणजेही जादा पाणी. पानांच्या कडा करपल्या आणि वर पांढरी साय धरली असेल तर क्षार साचले आहेत, दोन वेळा भरपूर साधे पाणी देऊन निथळू द्या. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर पाण्याच्या चढ्या सामूमुळे लोह मिळत नाही. ईडीडीएचए स्वरूपातले चिलेटेड (चढ्या सामूतही रोपाला घेता येईल असे) लोह अर्धा ग्रॅम प्रति लिटर आळवा, म्हणजे मुळांशी ओता.

रोप जमिनीलगत बारीक होऊन आडवे पडले तर ती मर. पाणी लगेच तोडा, तो कोपरा ट्रेसह बाजूला काढा आणि उरलेल्या ट्रेंना कॉपर ऑक्सिक्लोराइड २५ ते ३० ग्रॅम १० लिटर पाण्यात घेऊन आळवणी करा. ट्रायकोडर्मा घातला असेल तर तांब्याने त्याला मार बसू शकतो, त्यामुळे आळवणी गरज पडली तरच.

पहिली खरी पाने फुटली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखे असलेले विद्राव्य खत) एक ग्रॅम प्रति लिटर सुरू करा. टोमॅटोला ही वेळ १० ते १२ दिवसांनी येते, मिरचीला साधारण १८ दिवसांनी. आठवड्याने २ ग्रॅमपर्यंत न्या. कॅल्शियम नायट्रेट १ ग्रॅम प्रति लिटर वेगळ्या दिवशी द्या. दोन्ही एकाच टाकीत घातले तर स्फुरद आणि कॅल्शियमचा साका खाली बसतो.

रोपे रोपवाटिकेतून घेणार असाल तर उंचीवर जाऊ नका. रोप कप्प्यातून काढल्यावर गोळा न फुटता सगळा बाहेर आला पाहिजे, मुळे पांढरी आणि गोळाभर पसरलेली हवीत, आणि गोळ्याला आंबूस वास नको. तळाची मुळे तपकिरी आणि बोटाने ओढताच साल सुटणारी असतील, तर ती खेप घेऊ नका.