जपानच्या पहिल्या सहलीसाठी मुक्कामाची शहरे

पुण्यात मुक्काम ठेवून सिंहगड, भाजे लेणी आणि जेजुरी वेगवेगळ्या दिवशी पाहता येतात आणि रात्री घरी जेवायला परतता येते; त्याच हिशेबाने परदेशातील मुक्कामाची शहरे निवडावीत. 10 दिवसांच्या जपान सहलीला दोन शहरे पुरतात. तिसरे शहर म्हणजे माझ्या मते हावरेपणा, कारण शहर बदलण्याचा अर्धा दिवस बॅगा भरण्यात, स्टेशन गाठण्यात आणि दुपारी 3 च्या चेक-इनची वाट पाहण्यातच सरतो.

पहिला मुक्काम टोकियोत करावा. तेथून कामाकुरा तासाभरावर, तर निक्को सुमारे 2 तासांवर आहे. दुसऱ्या मुक्कामासाठी क्योतोचे नाव आधी सुचते, परंतु ओसाकाचाही विचार करावा. तेथून क्योतो जलद लोकलने अर्ध्या तासावर आणि नारा पाऊण तासावर आहे, शिवाय शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनने हिरोशिमाही दीड तासात गाठून संध्याकाळी परतता येते. मात्र क्योतोतील फुशिमी इनारी या मंदिराच्या शेंदरी कमानींखालून गर्दीविना चालायचे असेल, तर सकाळी 6 वाजता तिथे पोहोचायला हवे आणि त्यासाठी क्योतोतच राहिलेले बरे.

मुंबईहून टोकियोला जाणारे आणि ओसाकाच्या कान्साई विमानतळावरून परतणारे तिकीट मिळाले, तर उलटा रेल्वेप्रवास वाचतो. हॉटेल ठरवताना स्टेशनपासूनचे अंतर तुमच्या उपयोगाच्या दारापासून मोजावे. टोकियोतील शिंजुकूसारख्या स्टेशनात चुकीच्या दाराने बाहेर पडल्यास बॅगा ओढत 15 मिनिटे सहज जातात.