कॉर्डलेस फोन घेताना आधी बेस बघा

कॉर्डलेस फोन घ्यायला निघालेला माणूस आधी हँडसेट उचलतो आणि कानाला लावतो. वजन बघतो, बटणं दाबतो, स्क्रीन केवढी आहे ते बघतो. बेस, म्हणजे फोनच्या लाइनला जोडायचा आणि हँडसेटशी बिनतारी बोलणारा डबा, खोक्यातच राहतो. माझं काम फोन दुरुस्तीचं, त्यामुळे माझ्यापर्यंत येतात ते घेऊन पस्तावलेले लोक. आतल्या खोलीत आवाज तुटतो, वीज गेली की फोन मुका होतो, दुसरा हँडसेट जोडला जात नाही, कोणाचा फोन आहे ते दिसत नाही, या तक्रारी मी सारख्या ऐकते आणि त्यांतल्या बहुतेकांचं मूळ बेसमध्ये सापडतं. हँडसेट पुढेमागे बदलता येतो. बेस चुकला तर अख्खा संच चुकला.

बेसच्याही आधी घरातली लाइन बघून घ्या. भिंतीतल्या सॉकेटमधून तांब्याची तार येत असेल तर कुठलाही साधा कॉर्डलेस चालतो. त्याच तारेवरून इंटरनेटही येत असेल तर फोन आणि सॉकेट यांच्या मध्ये छोटा फिल्टर बसवावा लागतो. तो नसला की कानात खरखर येते आणि इंटरनेटही मधूनच तुटतं. ही खरखर फोनच्या माथी मारून चांगला संच परत करणारे लोक मी पाहिले आहेत. लाइन फायबरची असेल तर बेस फायबरच्या डब्याच्या किंवा राउटरच्या मागच्या फोन पोर्टात जोडायचा, कारण भिंतीतल्या जुन्या सॉकेटमध्ये बहुधा जीव उरलेला नसतो. काही राउटरांत तर कॉर्डलेसचा बेस आतच असतो, मग नुसता हँडसेट आणला की भागतं. तेव्हा राउटरच्या माहितीपुस्तिकेत ‘डेक्ट’ हा शब्द आहे का ते बघूनच बाहेर पडा.

डेक्ट म्हणजे कॉर्डलेस फोनचं डिजिटल मानक. ते युरोपात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ठरलं. त्यानंतरही बरेच स्वस्त फोन २.४ गीगाहर्ट्झवर चालायचे. तिथेच वाय-फाय आणि तिथेच मायक्रोवेव्ह, त्यामुळे जेवण गरम करायला ठेवलं की फोनवरचं बोलणं तुटायचं. आज घ्यायचा तर डेक्टच घ्या, यात मला दुसरं मत नाही. फक्त फोन कोणत्या देशासाठी बनवलाय ते तपासा. युरोपात आणि इतर अनेक देशांत डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झवर चालतं, अमेरिका आणि कॅनडात १९२० ते १९३० वर. तिकडच्या खोक्यावर ‘डेक्ट ६.०’ लिहिलेलं असतं. तो आकडा फ्रिक्वेन्सीचाही नाही आणि सहाव्या पिढीचाही नाही, विक्रीसाठी दिलेलं नुसतं नाव आहे. परदेशातल्या नातेवाइकांनी प्रेमाने पाठवलेला संच म्हणूनच जपून वापरायला काढा. युरोपात तो अमेरिकी पट्टा मोबाइल सेवेला दिलेला आहे, तिथे असा फोन लावायला परवानगी नाही. एका पट्ट्याचा हँडसेट दुसऱ्या पट्ट्याच्या बेसशी जुळतही नाही.

आता पल्ला. खोक्यावर ठळक अक्षरांत ३०० मीटर लिहिलेलं असतं. तो मोकळ्या मैदानातला आकडा. घरात ५० मीटर धरतात आणि तेही भिंती सौम्य असतील तर. बेसची ताकद कंपनीच्या मर्जीवर नसते, नियमांनी बांधलेली असते. युरोपात ती जास्तीत जास्त २५० मिलिवॉट. सगळ्या कंपन्यांना मर्यादा एकच, त्यामुळे ‘लांब पल्ल्याचं’ मॉडेल म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी थोडं थांबा. अँटेनाच्या रचनेने फरक पडतो, पण घराने त्याहून खूप जास्त पडतो. विटांच्या दोन भिंती फोन सहज पार करतो. सळईच्या काँक्रीटची एक भिंत, लोखंडी कपाट, मोठा आरसा, लिफ्टचा खड्डा किंवा पाण्याची टाकी मध्ये आली की अडखळतो. म्हणून घरी एक रेघ ओढून बघा, बेस ठेवणार ती जागा ते फोन सगळ्यात जास्त वापरला जाणार ती जागा. त्या रेघेवर काय काय येतं ते मोजा. बेस घराच्या मध्यावर, उंचावर, राउटर आणि टीव्हीपासून निदान मीटरभर लांब ठेवता येईल का ते पाहा. फोनची तार लांबवणं सोपं असतं, भिंत हलवणं नाही.

शेजारी किंवा ओळखीत कोणाकडे डेक्ट फोन असेल तर तो तासाभरासाठी मागून आणा. बेस ठरलेल्या जागी जोडा आणि त्याचाच हँडसेट घेऊन घरभर बोलत फिरा. जिथे आवाज तुटेल तिथे नवा महागडा फोनही बहुधा तुटेल. अशी जागा घरात असेलच तर रिपीटर, म्हणजे बेसचा सिग्नल पुढे पोचवणारं यंत्र, चालणारं मॉडेल निवडा. रिपीटर शक्यतो त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. काही जोड्यांमध्ये रिपीटर लावला की बोलण्याचं एन्क्रिप्शन, म्हणजे चोरून ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून बोलणं सांकेतिक करून पाठवणं, बंद होतं, हे माहितीपुस्तिकेत बारीक अक्षरांत दिलेलं असतं. आणि फोन घरी आणल्यावर पल्ला कमी वाटला तर आधी मेनूत जाऊन ईको मोड बंद करून बघा. तो वीज वाचवायला बेसची ताकद कमी करतो आणि बिचाऱ्या फोनला नावं ठेवली जातात.

हँडसेट किती हवेत? जास्तीच्या हँडसेटला फोनची लाइन लागत नाही, फक्त चार्जरपुरता विजेचा प्लग लागतो. कॉर्डलेस संचाचा खरा फायदा हाच. पण तीन हँडसेट म्हणजे तीन वेगळे कॉल नव्हेत. लाइन एक असेल तर बाहेरचा कॉल एकच, बाकीचे त्यात सामील होऊ शकतात किंवा आपापसांत इंटरकॉमवर बोलू शकतात. बेसला एकूण किती हँडसेट जोडता येतात ते बघा, बहुतेकांची मर्यादा चार ते सहाच्या आसपास असते. खोक्यावर ‘गॅप’ लिहिलेलं असेल तर दुसऱ्या कंपनीचा हँडसेटही जोडता येतो. त्यावर कॉल घेता-करता येतील, पण नावांची यादी आणि आन्सरिंग मशीन चालेलच असं नाही. ही यादी बेसमध्ये साठते की प्रत्येक हँडसेटमध्ये वेगळी, हेही विचारा. वेगळी असेल तर तेच नंबर पुन्हा पुन्हा भरण्याचं काम घरातल्या कोणाकडे येतं ते तुम्हाला माहीत आहेच.

वीज गेल्यावर काय, हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. घरात आजारी किंवा एकटं राहणारं माणूस असेल तर तो पहिला असायला हवा. तारेच्या साध्या फोनला लागणारी वीज एक्स्चेंजकडून त्याच तारेतून येते, ४८ व्होल्टच्या आसपास. कॉर्डलेसचा बेस मात्र भिंतीतल्या प्लगवर जगतो. प्लग मेला की सगळे हँडसेट, बॅटऱ्या भरलेल्या असल्या तरी, निरुपयोगी. उपाय तीन. तांब्याच्या लाइनवर एक तारेचा फोन कायम जोडून ठेवा. किंवा बेसवरच तारेचा रिसीव्हर असलेला जोडसंच घ्या. किंवा असं मॉडेल शोधा ज्यात बेसवर ठेवलेला हँडसेट आपल्या बॅटरीतून बेसला तात्पुरती वीज देतो. फायबरवर यांतलं एकटं काहीच पुरत नाही, कारण फायबरचा डबाही विजेवर चालतो. तिथे डबा, राउटर आणि बेस तिन्हींना बॅकअप द्यावा लागतो.

बॅटरी बघताना हँडसेटचं मागचं झाकण उघडून बघाच. आत साध्या ट्रिपल ए मापाच्या दोन निकेल मेटल हायड्राइड बॅटऱ्या असतील तर डोळे झाकून पसंती द्या, कारण त्या सहज मिळतात. कंपनीचा खास आकाराचा पॅक असेल तर तो काही वर्षांनी मिळेल की नाही हा जुगार आहे. रिचार्ज होणाऱ्या बॅटऱ्यांच्या जागी साधे अल्कलाइन सेल कधीही घालू नका. चार्जरवर ठेवल्यावर ते गळतात, फुटूही शकतात. असे आतून गंजलेले हँडसेट माझ्या टेबलावर येतात आणि त्यांचं फारसं काही करता येत नाही. ‘चार्ज होत नाही’ म्हणून आलेल्या फोनची मी आधी चार्जिंगची धातूची टोकं पुसते. पुष्कळदा दुरुस्ती तिथेच संपते. म्हणून ही टोकं बोटाला किंवा फडक्याला सहज लागतील अशी आहेत का, तेही बघून घ्या.

आवाजाची पारख ज्याच्या कानासाठी फोन घ्यायचा त्यालाच करू द्या. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी आवाज वाढवायचं वेगळं बटण, रिंग वाजताना लुकलुकणारा मोठा दिवा आणि श्रवणयंत्राशी जुळणारा इअरपीस, या तीन गोष्टी रंगीत स्क्रीनपेक्षा मोलाच्या. ‘एचडी आवाज’ या शब्दावर भाळू नका. तांब्याच्या साध्या लाइनवरून आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ इतकाच येतो, त्यात फोन भर घालू शकत नाही. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलवर, दोन्ही टोकांना सोय असेल, तरच फरक कळतो.

नंबर दिसण्याच्या सेवेसाठी दोन पद्धती चालतात, एफएसके आणि डीटीएमएफ. तुमची सेवा कोणती वापरते ते विचारून घ्या आणि फोन दोन्ही ओळखतो का ते बघा. नकोसे कॉल अडवण्याची सोयही याच नंबरावर चालते, तो आला नाही तर तीही गेली. ब्लूटूथने मोबाइल जोडणं, गाण्यांच्या रिंगटोन वगैरे आवडीप्रमाणे. एन्क्रिप्शन मात्र असायलाच हवं. डेक्टचं बोलणं चोरून ऐकता येतं हे संशोधकांनी २००८च्या अखेरीस जाहीर दाखवून दिलं होतं आणि एन्क्रिप्शनच नसलेले फोन तेव्हा सर्वांत सोपं सावज ठरले होते. घरी आणल्यावर बेसचा मूळचा पिन, तो बहुधा ०००० असतो, बदलून टाका.

पहिलं चार्जिंग माहितीपुस्तिकेत दिलंय तितका वेळ पूर्ण करा, ते पंधरा-सोळा तासही असू शकतं. मग परत करण्याची मुदत संपायच्या आत घरभर बोलत फिरा, दुसरा हँडसेट जोडून बघा, बेसचा प्लग काढून बघा. आणि बेसच्या व चार्जरच्या अडॅप्टरवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवा. दिसायला ते सारखेच असतात, व्होल्ट वेगळे असू शकतात.