इलेक्ट्रिक स्पोर्ट्स कार कागदावर: आधी बॅटरी, मग रेषा

स्पोर्ट्स कार काढायला बसलेला माणूस बहुतेक वेळा छताच्या रेषेपासून सुरुवात करतो. पेट्रोलच्या गाडीत ते कसंबसं निभतं, कारण इंजिन पुढे किंवा मागे जातं आणि माणूस जमिनीलगत बसतो. इलेक्ट्रिक गाडीत माणसाच्या खाली बॅटरीचा जाड थर येतो. तो विसरून काढलेली देखणी रेषा नंतर चालकाच्या टाळूतून जाते. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. चाकं, बॅटरी, माणसं आणि सगळ्यात शेवटी पत्रा.

नमुन्याला पोर्शची टायकान घेऊ. 2015 च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ती 'मिशन ई' या संकल्पना-रूपात दिसली आणि 2019 मध्ये विक्रीची गाडी म्हणून आली. लांबी 4963 मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या केंद्रांमधलं अंतर) 2900 मिमी, उंची साधारण 1379 मिमी. चार दारं, चार माणसं आणि तरी स्पोर्ट्स कार, म्हणजे अडचणींचा पूर्ण संच एकाच गाडीत.

सामान: ए-2 कागद आडवा, 2एच (कठीण) आणि 2बी (मऊ) पेन्सिल, कंपास, ट्रेसिंग पेपर आणि एक लवचीक प्लॅस्टिकची पट्टी. प्रमाण 1:10. गाडी 496 मिमी लांब येते आणि दोन्ही बाजूंना जवळपास 5 सेमी समास उरतो.

चाकं आणि जमीन

जमिनीची रेघ मारा. 21 इंची रिमवर टायकानला पुढे 265/35 आणि मागे 305/30 टायर बसतात (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत). हिशेब केला तर दोन्ही टायरचा व्यास 718 मिमीच्या आसपास येतो, म्हणजे कागदावर 72 मिमी. 36 मिमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढा, केंद्रांमधलं अंतर 290 मिमी. आता दोन चाकांमधली मोकळी जागा मोजा. 218 मिमी भरेल, म्हणजे तीन चाकं जेमतेम मावतील. उंची दोन चाकांपेक्षा किंचित कमी आहे. गाडी उभी असतानाच वेगवान वाटते त्याचं बरंचसं श्रेय या दोन प्रमाणांना जातं, हेडलाइटला नाही.

पुढच्या चाकाच्या केंद्रापासून नाकापर्यंत 95 मिमी आणि मागच्या केंद्रापासून शेपटीपर्यंत 111 मिमी धरा. ही दोन मापं या चित्रापुरती, सुरुवातीसाठी आहेत.

चाक मोठं काढण्याचा मोह आवरा. प्रदर्शनातल्या गाड्यांना अवाढव्य रिम शोभतात, पण खऱ्या गाडीत सस्पेन्शन वरखाली होतं, पुढचं चाक वळतं आणि टायरला बाजूची भिंत लागते. टायर आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यात कागदावर निदान 3 मिमी फट सोडा. चाक कमानीला चिकटलं, की जाणकाराला पहिल्या नजरेतच कळतं की हे पोस्टर आहे.

बॅटरी आणि माणूस: इथेच वेळ घाला

जमिनीपासून वर थर रचत जा. गाडीच्या पोटाखालची मोकळी जागा 13 मिमी. बॅटरी आणि तिचं संरक्षक कवच 14. गाडीचा आतला तळ आणि गालिचा 2. चालकाच्या टाचेपासून कमरेच्या सांध्यापर्यंत 20. तिथून छताच्या अस्तरापर्यंत 85. छताची जाडी 4. बेरीज 138, म्हणजे गाडीची उंची. यातली मधली मापं पोर्शच्या आराखड्यातली नाहीत, चित्रासाठी धरलेली आहेत. पण ती हलवून पाहिली की गोम लगेच कळते. बॅटरी 2 मिमीने जाड करा, म्हणजे प्रत्यक्षात 2 सेमी. तेवढं छत वर जाईल, नाहीतर चालक पाय लांब करून आडवा होईल. तिसरा मार्ग नाही.

बॅटरीचा आयत दोन चाकांच्या मध्ये, दोन्ही केंद्रांपासून 45 मिमी आत ठेवून काढा. लांबी 200 मिमी येईल. चालकाच्या कमरेचा बिंदू पुढच्या केंद्राच्या 140 मिमी मागे घ्या, मागच्या प्रवाशाचा 222 मिमी मागे. पाठ साधारण 25 अंश कललेली असते, त्यामुळे डोकं कमरेच्या बिंदूपेक्षा 28 मिमी आणखी मागे जातं. छताचा सर्वांत उंच बिंदू चालकाच्या डोक्यावर, म्हणजे नाकापासून 260 मिमीच्या आसपास येतो.

आता मागचा माणूस. उतरतं छत त्याच्या डोक्यावर पोहोचेपर्यंत 7-8 मिमी खाली आलेलं असतं. डोकं वाचवायला त्याची कंबर खाली घ्यावी, तर टाच मात्र बॅटरीच्या वरच अडकते आणि गुडघे छातीशी येतात. एस्टीच्या मागच्या चाकावरच्या सीटवर बसलेल्यांना हा अनुभव नवा नाही. पोर्शने यावर बॅटरीतच खळगे केले. मागच्या प्रवाशांच्या पायांच्या जागी सेल ठेवलेच नाहीत आणि पाय त्या पोकळीत खाली उतरतात. कंपनी त्यांना 'पायांचं गॅरेज' म्हणते. चित्रात मागच्या टाचेखाली बॅटरीच्या आयतात 7 मिमी खोल, 30 मिमी लांब खाच करा. बाहेरच्या छताची ती रेषा या आतल्या खाचेवर उभी आहे.

दोनच माणसांची गाडी हवी असेल तर बॅटरी खालून काढूनच टाका. लोटस एव्हायामध्ये ती सीटच्या मागे आहे, म्हणून तिची उंची फक्त 1122 मिमी, टायकानपेक्षा तब्बल 257 मिमी कमी. क्रोएशियाची रिमाक नेव्हेरा एच आकाराची बॅटरी वापरते आणि 1208 मिमीवर थांबते. मुंबईच्या महिंद्रा समूहाच्या ऑटोमोबिली पिनिन्फारिनाच्या बॅटिस्टाची बॅटरी टी आकाराची. टीची उभी दांडी दोन सीटच्या मधून जाते, आडवी सीटच्या मागे. त्यामुळे या गाड्या दिसायला मध्यभागी इंजिन असलेल्या इटालियन गाड्यांसारख्या वाटतात. वजन त्याच जागी आहे, तर आकारही तसाच होणार.

छताची रेषा

लवचीक पट्टी तीन ठिकाणी दाबा: पुढच्या काचेचा पाया, 138 मिमीचा उंच बिंदू आणि शेपटीची कड, जमिनीपासून 100 मिमीवर. पट्टी आपोआप वळते तशी वळू द्या. हाताने ठोकून काढलेल्या वक्राला नेहमी एक पोक येतं. उंच बिंदूनंतर पहिले 40-50 मिमी जवळपास सपाट, मग उतार वाढत 12 ते 15 अंशांपर्यंत, आणि शेपटीकडे पुन्हा थोडा सैल. यापेक्षा तीव्र उतार केला तर हवा मागच्या काचेवरून सुटण्याची भीती वाढते, मागे भोवरे तयार होतात आणि रेंज कमी होते. शेपटीची कड गोल करू नका. गोल कडेवरून हवा कधी इथून सुटते, कधी तिथून. धारदार कडेवर ती एकाच जागी सुटते. टायकानच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये हवेच्या विरोधाचा गुणांक 0.22 पर्यंत खाली आला, त्यात या शेपटीचा, वरखाली होणाऱ्या स्पॉइलरचा (शेपटीवरच्या पट्टीचा) आणि बॅटरीमुळे सपाट झालेल्या पोटाचा वाटा आहे.

पुढची काच कुठे टेकवायची? मोटर आकाराने लहान असल्याने काच खूप पुढे ढकलता येते आणि नवशिके ढकलतातच. मग गाडी फॅमिली हॅचबॅकसारखी दिसते. ए-पिलरची (पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाची) रेषा खाली वाढवून पाहा. ती पुढच्या चाकाच्या मागच्या अर्ध्या भागात पडली तर ठीक. केंद्राच्या पुढे गेली तर काच मागे घ्या. बॉनेट दोन्ही बाजूंच्या मडगार्डपेक्षा खाली ठेवा. ही पोर्शची 911 पासूनची सवय आहे आणि खाली इंजिन नसल्यामुळे टायकानमध्ये ती सहज साधते.

जाडी लपवणं

खिडकीची खालची रेषा 94-95 मिमीवर घ्या. म्हणजे काच आणि छत मिळून उंचीचा जेमतेम तिसरा हिस्सा. त्यामुळे दाराचा पत्रा मात्र जवळपास एका चाकाएवढा उंच होतो आणि कपाटासारखा दिसायला लागतो. दोन उपाय करा. दाराखालची 8-9 मिमी पट्टी काळी ठेवा, डोळा तिला सावली समजून सोडून देतो. आणि दाराच्या खालच्या तिसऱ्या भागात पत्रा आत वळवा. तिथे जमिनीचं प्रतिबिंब गडद दिसतं आणि उंची तुटते. रेघांवर रेघा ओढून जाडी लपत नाही, उलट गाडी चुरगळलेली वाटते. खांद्याची एक आणि खालची एक, बस्स.

खांदा बाजूच्या चित्रात कळत नाही, म्हणून ट्रेसिंग पेपरवर वरून दिसणारी अर्धी गाडी काढा. टायकानची रुंदी 1966 मिमी, म्हणजे मध्यरेषेपासून 98 मिमी. काचेचा भाग मागे जाताना आत निमुळता करत न्या आणि मागचं मडगार्ड तसंच रुंद राहू द्या. मधे उरलेली पायरी म्हणजे खांदा.

तोंड

इलेक्ट्रिक गाडीला जाळी नको, असं सरसकट म्हणतात. ते अर्धंच खरं. इंजिनचं पाणी 90 अंशांच्या आसपास असतं, बॅटरी मात्र 30-40 अंशांत ठेवावी लागते. बाहेर नागपूरचा मे महिना असेल तर हवा आणि बॅटरी यांच्यात फरकच उरत नाही आणि एसीच्या मदतीशिवाय भागत नाही. त्या एसीच्या कंडेन्सरला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाला) हवा लागते, ब्रेकनाही लागते. तेव्हा खालच्या बंपरमध्ये 10-12 मिमी उंचीचं आडवं तोंड ठेवा. टायकानमध्ये अशा वाटांवर गरजेनुसार उघडमीट करणाऱ्या झडपा आहेत. हेडलाइटखालची उभी चीर ही नुसती सजावट नाही. तिथून शिरलेली हवा चाकाच्या बाहेरून पडद्यासारखी वाहते आणि चाकाच्या पोकळीतला गोंधळ कमी करते. चीर काढाल तर तिला चाकाच्या कमानीत बाहेर पडायची वाटही काढा.

चित्र पुरं झालं की कागद उलटा करून उजेडासमोर धरा. एका बाजूला झुकलेलं छत आणि वर उचललेली शेपटी उलट बाजूने लगेच दिसते. मग थराची बेरीज पुन्हा एकदा मोजा, कारण रेषा सुधारताना छत 2-3 मिमी खाली आलेलं असतं आणि चालकाचं डोकं परत अस्तराला लागलेलं असतं.