पोटगी थकली? वर्ष उलटू देऊ नका

माझ्या पोरीला कोर्टाने महिना 3000 पोटगी ठरवली. चार महिने आली, मग बंद. "कापूस विकला की देतो," या तिच्या बापाच्या बोलण्यावर मी दोन हंगाम काढले. तिथंच चुकलं. वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत टाकावा लागते. माझ्या सुरुवातीच्या महिन्यांसाठी हा रस्ता बंद झाला.

म्हणून बायांनो, किती आले, कधी आले, ते वहीत महिनावार लिहा. पासबुक भरून घ्या. आदेशाची शिक्क्याची नक्कल काढा, अन् त्याच्या नावचा सातबाराही. वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं तर जमीन महसुलासारखी शेतीवरूनही वसुली होते.

वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती आहे. बाईला तिथं वकील मोफत मिळतो. फोन 15100.

पोटगीचं कलम म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं 125, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. पुरेशा कारणाशिवाय पैसे थकवले तर थकलेल्या दर महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून बाकी फिटत नाही.

"नवऱ्याले जेलात टाकतं काय?" असं लोक म्हणतील. मलाही म्हणाले. मी पेशीला पोरीची वह्या-पुस्तकांची बिलं घेऊन गेली.