लंगोट मोजा: सव्वा महिन्यातले नेहमीचे प्रश्न

"दूध पुरतंय का गं?" बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. विचारते बहुतेक वेळा भेटायला आलेली एखादी काकू किंवा आत्या, आणि झोप उडते बाळंतिणीची. बाळ रडलं म्हणजे भूकच असं नाही. ते ओलं झाल्याने, उकडल्याने किंवा नुसतं कुशीत यायचं म्हणूनही रडतं. याचं खरं उत्तर लंगोटात सापडतं.

पहिल्या दिवशी एक शू, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त. शी पहिले दोन-तीन दिवस काळी, डांबरासारखी चिकट, मग हिरवट, पाचव्या दिवसाच्या आसपास पिवळी, पातळ, मोहरीच्या दाण्यांसारखे कण असलेली. ही पिवळी पातळ शी म्हणजे जुलाब नव्हेत. पहिले दहा-बारा दिवस डायपर बाजूला ठेवून सुती लंगोटच वापरा, कारण डायपरमध्ये तीन शू झाल्या की एक हे कळत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात पेनाने रेघा ओढत गेलात की वादच मिटतो.

वजनाचंही तसंच. २.८ किलोचं बाळ पहिल्या आठवड्यात २.६ वर आलं तर घाबरायचं कारण नाही. दहा टक्क्यांपर्यंत घट होऊ शकते, पण घट त्या हद्दीजवळ गेली तर डॉक्टरांना दाखवा. दहा ते चौदा दिवसांत वजन जन्माच्या आकड्यावर परत यावं आणि पुढे रोज साधारण २५-३० ग्रॅम वाढावं. दर वेळी काटा तोच असू द्या आणि बाळाला उघडं करूनच वजन घ्या. झबलं-टोपड्याचे ग्रॅम फसवतात.

आता पाजण्याबद्दल. पहिले दोन-तीन दिवस येतो तो घट्ट, पिवळसर चीक. तो चमच्या-दोन चमच्यांनी येतो आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. त्यामुळे "अजून दूध उतरलं नाही, तोवर वरचं द्या" हा सल्ला ऐकू नका. चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजा, रात्रीही. बाळाचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं, कान-खांदा-कंबर एका रेषेत, नाक बोंडाच्या समोर. बोंड वरच्या ओठावर फिरवा. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की त्याच क्षणी बाळाला छातीकडे ओढा, छाती बाळाकडे वाकवू नका. तोंडात नुसतं बोंड नको, भोवतीचा काळसर भागही जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त. हनुवटी छातीत रुतलेली आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसला की जमलं. पहिल्या काही घोटांनंतरही टोचत राहिलं तर पकड चुकली आहे. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. ओढून काढलंत तर चीर पडते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पान्हा भरून छाती दगडासारखी झाली की बाळाला पकडता येत नाही. आधी कोमट पाण्याच्या फडक्याने दोन-तीन मिनिटं शेका, हाताने थोडं दूध काढून काळसर भाग मऊ करा, मग पाजा. पाजून झाल्यावर गार फडकं ठेवा. गाठ लाल होऊन ताप आला तरी त्या बाजूचं पाजणं थांबवायचं नाही. डॉक्टरांकडे मात्र त्याच दिवशी जा.

सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज काही नाही. पाणीसुद्धा नाही, अगदी एप्रिलमधल्या जत-आटपाडीच्या उन्हातही नाही. दुधात पाणी असतंच. मध वर्षभर नको, त्यातून जिवाणूंमुळे अंग लुळं पडण्याचा आजार होऊ शकतो. गुटीवरून घरात भांडण होणार हे गृहीत धरा. वेखंड, जायफळ, मुरडशिंग किती वळसे उगाळलं याला माप नसतं, सहाण ओली राहून बुरशी धरते आणि जायफळाने बाळ शांत होतं ते गुंगीने. सासूबाईंना ते पटलं नाही तरी डॉक्टरांनी दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र चुकवू नका, रोज ४०० युनिट. बाटली बदलली की लेबल वाचा: कुठे एका मिलीत ४०० असतात, कुठे ८००, कुठे एका थेंबातच ४००.

सांगली हळदीचं गाव असलं तरी नाळेवर हळद नको. राख, तेल, कुंकू, पावडर यातलं काहीच नको. लंगोट नाळेच्या खाली दुमडा, हवा लागू द्या. साधारण ५ ते १५ दिवसांत ती आपोआप गळते, तेव्हा रक्ताचे दोन-चार थेंब येतात. भोवतीची कातडी लाल झाली, पू किंवा घाण वास आला तर थांबू नका.

बाजेखालची शेगडी आणि ओवा-बाळंतशेपा-वावडिंगाची धुरी बंद खोलीत धोक्याची. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. बाळाच्या फुप्फुसाला धूर सोसत नाही. शेकच हवा असेल तर फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आईच्या कमरेला लावा, बाळापासून लांब. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात बाळाला मोठ्यांपेक्षा कपड्याचा एक थर जास्त पुरतो. माण-खटावच्या उन्हाळ्यात चार दुपट्यांत गुंडाळलंत तर अंग तापतं.

आंघोळ जन्मानंतर २४ तासांनी, वजन कमी असेल तर डॉक्टर सांगतील तेव्हा. मालीश हलक्या हाताने. नाका-कानात तेल सोडायचं नाही, टाळू दाबायचा नाही, काजळ नको. मुलगा असो वा मुलगी, छाती सुजून दुधासारखं काही आलं तर पिळू नका. ते आईच्या संप्रेरकांमुळे येतं आणि आपोआप जातं. पिळल्याने गळू होतं.

कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, दोन आठवड्यांत ओसरते. पहिल्या चोवीस तासांतच पिवळेपणा आला, किंवा तो तळहात-तळपायांपर्यंत उतरला, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका. तिथे दवाखान्यातल्या निळ्या दिव्याचं काम असतं.

आईकडे पाहायला मात्र कुणाला सवड नसते. रक्तस्राव तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी, मग पिवळट पांढरा, सहा आठवड्यांपर्यंत चालतो. खालच्या टाक्यांसाठी दुसऱ्या दिवसापासून टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा, धुताना पुढून मागे. पाणी कमी प्यायला लावतात ते चूक आहे: बद्धकोष्ठ झालं की टाके दुखतात. दर पाजण्यागणिक एक तांब्या जवळ ठेवा. भाकरी, मेथी-शेपू, डाळ, अंडी, अळिवाची खीर सगळं चालतं. रोज एक जेवण जास्त. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या १८० दिवस, पण एकत्र नाही: सकाळ-रात्री जेवणानंतर कॅल्शियम, दुपारी लोह, त्याच्या आगेमागे चहा-दूध नको.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत उगाच रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या) मोफत क्रमांकावर मराठीत बोला. आईला स्वतःला किंवा बाळाला इजा करावीशी वाटली तर घरच्यांनी तिला एकटं सोडू नये.

आईला तासाभरात पॅड भिजला, लिंबाहून मोठी रक्ताची गाठ पडली, घाण वासाचा स्राव, ताप, डोकं फुटल्यासारखं दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटके, एकाच पायाला सूज, धाप: लगेच दवाखाना. बाळ पाजायला उठत नसेल, छाती आत ओढत श्वास घेत असेल, अंग गार लागत असेल, झटके आले, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल, तेव्हाही तसंच. जीव धोक्यात वाटला तर १०८, एरवी आई-बाळाला नेण्यासाठी १०२. वाटेत बाळाला छातीला उघड्या अंगाने लावून वर पांघरूण घ्या.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात. लंगोटांच्या रेघांचं कॅलेंडर त्यांना दाखवा. सहाव्या आठवड्याची लस घ्यायला जाल तेव्हा स्वतःचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, तांबीबद्दलही त्याच दिवशी विचारा. पाळी आली नाही तरी दिवस राहू शकतात.