घोडी भरवण्याआधी गंजीतला चारा हुंगून बघा

हिवाळा सरून दिवस मोठे होऊ लागले की घोड्या माजावर यायला लागतात. पण नेमकं त्याच वेळी त्यांनी कित्येक आठवडे ओल्या चाऱ्याचं तोंड पाहिलेलं नसतं. भरवायच्या, म्हणजे घोडा लावायच्या, आधीचे हे दोन महिने सांभाळा.

गंजीत खोलवर हात घालून मूठभर गवत बाहेर ओढा. हिरवट झाक असेल, गोडसर वास येत असेल, तर त्यात कॅरोटीन थोडंफार शिल्लक आहे. घोडीचं शरीर त्यापासूनच अ जीवनसत्त्व तयार करतं. गवत पिवळं पडलं असेल आणि झटकल्यावर धूळच उडत असेल, तर त्याने पोट भरेल, एवढंच. अ जीवनसत्त्व यकृतात साठतं, म्हणून मोसमात भरपूर चरलेली घोडी दोन-तीन महिने निभावून नेते. ई जीवनसत्त्व मात्र गवत वाळतानाच बरंचसं उडून जातं.

५०० किलोच्या गाभण घोडीला रोज साधारण ३०,००० आययू (जीवनसत्त्व मोजायचं एकक) अ आणि ८०० आययू ई लागतं. हा हिशोब चारा आणि खुराक मिळून आहे. पिशवीवरचे आकडे वाचून आधी बेरीज करा, मगच वरून काही द्या. माझं स्पष्ट मत आहे, पहिला पैसा ताज्या हिरव्या चाऱ्यावर घालावा. ब गटातली जीवनसत्त्वं आतड्यातले जंतू बनवतात, क यकृतात बनतं. निरोगी घोडीसाठी त्यांच्या बाटल्या आणू नका.

दोन-तीन टॉनिकं एकत्र चालू असतील तर आजच थांबून लेबलं तपासा. अ जास्त झालं तर हाडं ठिसूळ होतात, पोटातल्या शिंगरालाही धोका असतो. ई सोबत बहुतेकदा सेलेनियम हे खनिज असतं. ते कमी पडलं तर शिंगराचे स्नायू दुबळे राहतात. जास्त झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात, खुरांना आडव्या भेगा पडतात. रक्त तपासून पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय ते वेगळं देऊ नये.

आणि घोडीच्या बरगड्यांवरून हात फिरवा. बोटांना लागल्या पण डोळ्यांना दिसल्या नाहीत, तर अंगलट ठीक आहे. रोडावलेली घोडी निव्वळ जीवनसत्त्वांवर गाभ धरेल, ही आशा धरू नका. तिला आधी पोटभर चारा हवा.

पैदाशीच्या घोड्याचं वीर्य तयार व्हायला जवळपास दोन महिने लागतात. त्याचा आहार आजपासूनच सुधारा.